'चालू आहे का?' हा प्रश्नच चुकीचा

दरवर्षी मार्च जवळ आला की लॅबमध्ये डेडस्टॉक व्हेरिफिकेशनची धांदल सुरू होते. कमिटीतले सर रजिस्टर घेऊन येतात, वस्तूंवर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेले नंबर जुळवतात आणि प्रत्येक यंत्रापाशी एकच प्रश्न विचारतात, "चालू आहे का?" चालू असेल तर टिकमार्क. बंद असेल तर दुसरी यादी. दुसऱ्या यादीचं पुढे काय होतं ते सगळ्यांनाच माहीत आहे. निर्लेखनाचा ठराव, मग कोटेशन, आणि एक दिवस मागच्या गेटला टेम्पो.

मित्रांनो, माझं म्हणणं एवढंच आहे, की इंजिनिअरिंग कॉलेजात हा प्रश्न विचारणंच चूक आहे. चालू कॉम्प्युटर आपल्याला वापरायला शिकवतो. बंद पडलेला कॉम्प्युटर तो कसा चालतो हे शिकवतो. आणि आपण नेमका दुसरा तेवढा भंगारात देतो!

कुणी म्हणेल, जुन्या डब्यांचं एवढं काय कौतुक? तर थोडा हिशोब मांडू. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यात लोणी, संगमनेर आणि कोपरगावला कॉलेजं निघाली. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये तिकडे अमेरिकेत आयबीएमने पीसी-एक्सटी बाजारात आणला. म्हणजे नगर जिल्ह्यातलं इंजिनिअरिंगचं शिक्षण आणि एक्सटी हे एकाच वयाचे! आपल्याकडे ओरिजनल आयबीएम फारसा कुणी बघितला नसेल, पण त्याच्या नकला, ज्यांना आपण 'क्लोन' म्हणतो, त्या ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कॉलेजांत, बँकांत, साखर कारखान्यांच्या ऑफिसांत येऊन बसल्या. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. या मशीनवरच्या पाटीवर मात्र अजून अहमदनगरच आहे.

आमच्या लॅबच्या माळ्यावर असाच एक टर्बो एक्सटी क्लोन होता. डेडस्टॉकच्या दुसऱ्या यादीत गेलेला. सरांकडून लेखी परवानगी काढून आम्ही चौघांनी तो खाली घेतला. त्याची हकीकत सांगतो, कारण नुसतं 'शिकायला मिळतं' असं मोघम म्हणून कुणाला पटत नाही.

जुन्या मशीनच्या बाबतीत पहिला नियम असा, की प्लग लावायचा नाही. लोकांना हेच जमत नाही. उत्साहाच्या भरात बटण दाबतात, फट् आवाज होतो, धूर निघतो आणि दुरुस्त होण्यासारखं मशीन कायमचं जातं. वीस-तीस वर्षं बंद राहिलेल्या पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेले असतात, मेन्स फिल्टरच्या कागदी कपॅसिटरला तडे जाऊन आत दमट हवा शिरलेली असते. म्हणून आधी खोलायचं, बघायचं, साफ करायचं. आमच्या मशीनमध्ये पालीची अंडी आणि उंदराने आणलेला कापूस निघाला. बाजूलाच एक ३८६ होता, त्याची गोष्ट जास्त वाईट. त्या काळात बोर्डावर घड्याळासाठी निकेल-कॅडमियमची पिंपाच्या आकाराची बॅटरी सोल्डर केलेली असायची. ती फुटते आणि तिच्यातला अल्कलीचा रस तांब्याच्या रेषा खात जातो. त्या ३८६ चा एक कोपरा हिरवागार झाला होता. मशीन बंद ठेवलं म्हणजे सुरक्षित राहतं असं नाही, ही बॅटरी माळ्यावर बसल्याबसल्या बोर्ड संपवते. मी तर म्हणतो, कॉलेजने बाकी काही केलं नाही तरी चालेल, पण साठवणीतल्या प्रत्येक बोर्डावरची ही बॅटरी आजच कापून काढावी. पाच मिनिटांचं काम आहे.

मग पॉवर सप्लाय. इथे आमच्या मदतीला कुठलंही पुस्तक आलं नाही, वर्कशॉपमधले मामा आले. त्यांनी मोटार रिवाइंडिंगवाले वापरतात तो सिरीज बोर्ड आणून दिला. १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब यंत्राच्या सिरीजमध्ये लावायचा. यंत्रात शॉर्ट असेल तर सगळा करंट बल्ब अडवतो आणि फुल पेटतो. यंत्र ठीक असेल तर क्षणभर चमकून मंद होतो. दहा-वीस रुपयांच्या वस्तूत केवढी अक्कल आहे बघा! गल्लीतल्या प्रत्येक वायरमनला हे माहीत असतं आणि आपल्यातल्या निम्म्या लोकांना इलेक्ट्रिकलचा पेपर पास होऊनही माहीत नसतं. बल्ब चमकून मंद झाला, म्हणजे मेन्सकडची बाजू ठीक. मग डमी लोड लावून व्होल्टेज मोजले, कारण हे जुने एसएमपीएस लोडशिवाय सुरूच होत नाहीत. पाच आणि बारा, दोन्ही व्यवस्थित.

मदरबोर्ड जोडला आणि पंख्याने अर्धा गिरका घेऊन मान टाकली.

अशा वेळी 'बोर्ड गेला' म्हणून मोकळं होण्याची आपल्याला सवय लागली आहे. बोर्ड गेला म्हणजे काय गेलं? त्यावर शंभराच्या आसपास चिप आहेत. पंखा अर्धा गिरका घेतो याचा अर्थ सप्लाय सुरू होतो, कुठेतरी शॉर्ट बघतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. म्हणजे तो बिघडलेला नाही, उलट त्याचं काम चोख करतोय. सगळी कार्डं काढली, तरी तेच. प्लग काढून मल्टीमीटर बझरवर ठेवला, बारा व्होल्टची लाइन आणि ग्राउंड यांच्यात धरला. पीं! शॉर्ट मदरबोर्डवरच. बारा व्होल्टच्या लाइनवर स्लॉटजवळ थेंबाच्या आकाराचे पिवळे टँटलम कपॅसिटर असतात. त्यांची मर्यादा १६ व्होल्ट लिहिलेली असते, म्हणजे बाराच्या लाइनला तशी काठावरच. टँटलमची खोड अशी, की तो म्हातारा झाला की उघडा पडत नाही, शॉर्ट होतो. त्या काळातल्या बोर्डांची ही फार प्रसिद्ध व्याधी आहे, खुद्द आयबीएमच्या पीसी आणि एक्सटीचीसुद्धा. एकेकाचा पाय उचलत गेलो. दुसऱ्याचा पाय उचलला आणि बझर गप्प झाला. पाच रुपयांचा कपॅसिटर! त्याच्यासाठी सगळं मशीन 'बंद' म्हणून नोंदलं गेलं होतं.

पंखा फिरला, पण बीप नाही, पडद्यावर काही नाही. खरी मजा इथे सुरू झाली.

जरा विषयांतर करतो. मायक्रोप्रोसेसरच्या पेपरला आपण ८२५३, ८२५५, ८२५९, ८२३७ या चिप पाठ करतो. कंट्रोल वर्डचा फॉरमॅट, मोड शून्य ते मोड पाच, वेव्हफॉर्म. 'ब्लॉक डायग्राम काढा व वर्णन करा, आठ मार्क.' परीक्षा संपली की विसरतो. ८२५३ मध्ये तीन काउंटर का, दोन किंवा पाच का नाहीत, हा प्रश्न कुणाला पडत नाही आणि पडला तरी ओरलला तो विचारत नाहीत. एक्सटीच्या बोर्डाकडे बघितलं की उत्तर समोर असतं. या सगळ्या चिप तिथे एका ओळीत बसलेल्या आहेत, आपल्या सिलॅबसच्या क्रमाने म्हटलं तरी चालेल. ८२५३ चा शून्य नंबरचा काउंटर सेकंदाला साधारण १८.२ वेळा इंटरप्ट देऊन घड्याळ चालवतो. दोन नंबरचा स्पीकर वाजवतो. आणि एक नंबरचा? तो दर १५ मायक्रोसेकंदांनी ८२३७ ला म्हणजे डीएमए कंट्रोलरला हाक मारतो, आणि डीएमए मेमरीची एक ओळ वाचून ताजी करतो. डायनॅमिक रॅम म्हणजे गळकी भांडी, सतत भरत राहावं लागतं. २५६ ओळी चार मिलिसेकंदांत भरून झाल्या पाहिजेत. १५ ला २५६ ने गुणा, चारच्या आत बसतं. त्या आठ मार्कांच्या उत्तराला असा जीव असतो.

आणि एक गंमत. बोर्डावरचा क्रिस्टल १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा असतो. असा विचित्र आकडा का? कारण तो अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीच्या कलर फ्रिक्वेन्सीच्या चौपट आहे. त्याला तीनने भागलं की एक्सटीचा प्रोसेसर चालतो ते ४.७७ मेगाहर्ट्झ मिळतं. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, तरी नगरच्या माळ्यावरच्या डब्यात अमेरिकन टीव्हीचा ठोका चालू!

आता परत मशीनकडे. बीप नाही म्हणजे प्रोसेसर मेला, असं होत नाही. बीप वाजायला ८२५३, ८२५५ आणि स्पीकर सगळंच धड लागतं. म्हणून मुळापासून निघालो. सप्लायची 'पॉवर गुड' लाइन पाच व्होल्टला जाते का? जाते. ही लाइन आली नाही तर प्रोसेसर रिसेटमध्येच अडकून राहतो. ८०८८ चा रिसेट खाली येतो का? येतो. क्लॉक आहे का? इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमधून सीआरओ आणला, क्लॉक दिसला. मग बायोसच्या ईप्रॉमच्या चिप-सिलेक्टवर प्रोब धरला. रिसेटनंतर क्षणभर पल्सची गर्दी, आणि मग सपाट रेघ.

त्या रेघेत सगळी माहिती होती. प्रोसेसर भरकटला असता तर बसवर काहीबाही गोंधळ दिसला असता. हा ठरावीक वेळ काम करतो आणि मुकाट्याने थांबतो, दरवेळी तसाच. म्हणजे तो बायोस वाचतोय, तपासणी करतोय, आणि कुठल्यातरी तपासणीत नापास होऊन हॉल्ट होतोय. कुठल्या? स्लॉटच्या बी-१९ नंबरच्या पिनवर मेमरी रिफ्रेशचा सिग्नल येतो. तिथे प्रोब लावला तर १५ मायक्रोसेकंदांचे पल्स छान चालू होते. टायमर आणि डीएमए यांना बायोसने कामाला लावलं आहे, म्हणजे तिथपर्यंतचे पेपर तो पास झाला. त्याच्या पुढचा पेपर सगळ्यात खालच्या मेमरीचा. ती खराब असेल तर स्टॅकसुद्धा मांडता येत नाही, म्हणून बायोस बोंब न मारता थांबतो.

मेमरीच्या पहिल्या बँकेत नऊ चिप, आठ डेटाच्या आणि एक पॅरिटीची. सुदैवाने सॉकेटमध्ये. आधी सगळ्या दाबून बसवल्या, कारण वर्षानुवर्षं गरम-थंड होऊन चिप सॉकेटमधून वर सरकतात. फरक नाही. मग पहिल्या बँकेच्या नऊ आणि दुसऱ्या बँकेच्या नऊ यांची अदलाबदल केली. बटण दाबलं आणि... बीप! एक छोटी, स्वच्छ बीप. लॅबमध्ये आम्ही असे ओरडलो की शेजारच्या लेक्चरमधून सर बघायला आले. मग नवातली वाईट चिप शोधायला निम्म्या-निम्म्या बदलत गेलो. बायनरी सर्चचा प्रोग्रॅम जर्नलमध्ये आपण सगळ्यांनीच उतरवून काढलेला असतो, इथे तो चिमट्याने केला. चौथ्या फेरीच्या आत ती सापडली. ४१२५६ नंबरची ती चिप पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या बाजारात मिळेल असं वाटलं होतं, शेवटी एका मेलेल्या कार्डावरची काढून लावली.

ही सगळी तपासणी शक्य झाली ती एका कारणामुळे. आयबीएमने पीसी आणि एक्सटीबरोबर टेक्निकल रेफरन्स मॅन्युअल काढलं होतं, त्यात संपूर्ण सर्किट डायग्राम आणि बायोसचं अख्खं लिस्टिंग छापलेलं होतं. क्लोनवाल्यांनी त्याच आराखड्यावर बोर्ड बनवले, म्हणून आज चाळीस वर्षांनी नगर जिल्ह्यातल्या पोरांना बी-१९ पिनवर काय येतं ते कळतं. आणि आपला आजचा लॅपटॉप? सर्किट डायग्राम अधिकृतपणे मिळत नाही, रॅम बोर्डाला सोल्डर केलेली. सर्व्हिस सेंटरला नेला की उत्तर ठरलेलं, "मदरबोर्ड बदलावा लागेल." किंमत ऐकून नवीनच घेतो. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही काढलं. चांगलंच आहे. पण हक्क मिळाला आणि दुरुस्ती करणारा हातच नसला तर त्या हक्काचं काय लोणचं घालायचं?

माझ्या वर्गातला एक मित्र म्हणतो, "इम्युलेटर आहेत की! ब्राउझरमध्ये एक्सटी चालतो." चालतो. पण इम्युलेटरचा टँटलम शॉर्ट होत नाही, त्याची चिप सॉकेटमधून वर येत नाही. तो नेहमीच चालू असतो, हाच त्याचा दोष! दुसरा म्हणतो, एआयला विचारलं की दहा कारणं सांगतो. सांगतो ना, आम्हीही विचारलं. दहापैकी आपलं कारण कुठलं हे मात्र प्रोब धरल्याशिवाय कळत नाही. कॅम्पस इंटरव्ह्यूला एक्सटी कोण विचारणार, हा तिसरा आक्षेप. कुणीच नाही. पण "तुझ्या प्रोजेक्टमध्ये काही बिघडलं तेव्हा तू काय केलंस?" हे हमखास विचारतात, आणि तिथे विकत घेतलेल्या प्रोजेक्टवाल्यांची कशी तारांबळ उडते ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे, सुरक्षिततेचा. एसएमपीएसच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकतात. जुन्या मॉनिटरच्या पिक्चर ट्यूबवर तर हजारोंमध्ये. आम्ही मॉनिटर उघडला नाही, उघडूही नये. सप्लायचं काम सर समोर असतानाच केलं. कॉलेजने परवानगी देताना ही अट जरूर घालावी. पण अट घालणं वेगळं आणि कुलूप घालणं वेगळं.

जुनी यंत्रं जपायची म्हणजे काचेच्या कपाटात ठेवायची असंही मला म्हणायचं नाही. आपल्या नगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ पासून आहे, आपण सगळे शाळेच्या सहलीत तिथे गेलेलो आहोत. रणगाडा जागेवर गप्प उभा असला तरी समजतो. तोफ दिसते, पट्टे दिसतात, पोलादाची जाडी दिसते. कॉम्प्युटरचं तसं नाही. बंद कॉम्प्युटर कपाटात ठेवला तर तो पत्र्याचा डबा, येणारे-जाणारे 'अरे केवढा मोठा!' म्हणून पुढे जाणार. इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्कला टोनी सेल यांनी १९९३ पासून दुसऱ्या महायुद्धातला कोलोसस पुन्हा उभा करायला घेतला, तो काही फोटो आणि जुन्या इंजिनिअरांनी जपून ठेवलेल्या सर्किटच्या तुकड्यांवरून. तिथलाच १९५१ चा विच नावाचा कॉम्प्युटर २०१२ मध्ये पुन्हा चालू झाला. आपल्या मुंबईत टाटा इन्स्टिट्यूटमध्ये १९६० साली टिफ्रॅक हा कॉम्प्युटर इथल्या लोकांनी इथेच बनवून चालू केला होता, सुमारे २७०० व्हॅक्यूम ट्यूबचा. १९६४ मध्ये तिथे सीडीसी ३६०० आला आणि टिफ्रॅकचं काम संपलं. आज तो चालवून बघता येत नाही. तेव्हाच्या लोकांना दोष द्यायचा नाही, त्यांना पुढचं काम होतं. पण आपण तीच गोष्ट आपल्या माळ्यावर दरवर्षी करतोय आणि आपल्याला तर पुढचं कामही नाही!

माझी मागणी साधी आहे. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, भंगार अधिकृत रिसायकलरकडेच गेलं पाहिजे, ते जाऊ द्या. पण टेम्पो येण्याआधी प्रत्येक पिढीतलं एक-एक मशीन, एक एक्सटी, एक ३८६, एक पहिला पेंटियम, बाजूला काढा. त्यांची मॅन्युअल लायब्ररीच्या बाद पुस्तकांतून वाचवा. आणि रजिस्टरात 'चालू / बंद' या दोन रकान्यांशेजारी तिसरा रकाना काढा, 'विद्यार्थ्यांकडे दुरुस्तीस'. टर्मवर्कचे पाच मार्क द्या, पोरं आपोआप येतील.

आमचा एक्सटी अजून पूर्ण बूट झालेला नाही हेही सांगतो. हिरव्या पडद्यावर मेमरी मोजून होते आणि मग तो सिस्टिम डिस्क मागतो. हार्डडिस्क फिरत नाही. फ्लॉपी ड्राइव्ह ३६० केबीचा. डॉस मिळवणं अवघड नाही, मायक्रोसॉफ्टने १.२५ आणि २.० चा सोर्स २०१८ मध्ये आणि ४.०० चा २०२४ मध्ये मोकळा केला. अडलंय ते डिस्कवर. १.२ एमबीच्या ड्राइव्हवर लिहिलेली ३६० केबीची डिस्क या ड्राइव्हला नीट वाचता येत नाही, कारण त्या ड्राइव्हचं हेड निम्म्या रुंदीचा ट्रॅक लिहितं आणि हा शेजारचं जुनं लिखाणही वाचत बसतो. ज्यांच्या घरी, काकांच्या दुकानात, गावातल्या सोसायटीत सव्वापाच इंची, ३६० केबी ड्राइव्हवर लिहिलेली डॉसची डिस्क पडून असेल त्यांनी हार्डवेअर लॅबमध्ये आणून द्यावी. बुरशी आलेली असली तरी चालेल, पण परस्पर कुठल्याही ड्राइव्हमध्ये घालून बघू नका. त्याने डिस्क जाते आणि ड्राइव्हचं हेडही खराब होतं. तशीच पाकिटात घालून आणा.